सोळा कोअरचं भूत

परवा रात्री साडेअकराला सारंगचा फोन. सारंग म्हणजे माझा मावसभाऊ. हिंजवडीत नोकरीला लागून जेमतेम दीड वर्ष झालंय. ‘ताई, बोनस आला! गेमिंग पीसी घेतोय. दुकानदार म्हणतो, सोळा कोअरचा प्रोसेसर घे, एकदम फ्यूचर प्रूफ. ग्राफिक्स कार्ड सध्या छोटं टाकू. उद्या ॲडव्हान्स देतोय.’

माझी झोपच उडाली. या ‘फ्यूचर’च्या नादात मी एकदा जाम पोळलेय.

२०१७ची गोष्ट. मी मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला. बाबांनी पोस्टातली आरडी मोडून मला पीसी घेऊन दिला. एडिटिंगसाठी, असं त्यांना सांगितलेलं. (खरं कारण तुम्हाला कळलंच असेल!) त्याच वर्षी एप्रिलमध्ये एएमडीचा सहा कोअरचा रायझन ५ १६०० आला होता. मी विचारलंही. दुकानात उत्तर मिळालं, ‘मॅडम, गेमला चार कोअर रग्गड. बाकीचे नुसते बसून राहतात.’ घेतला इंटेलचा चार कोअरवाला आय५. ऑक्टोबरमध्ये खुद्द इंटेलनेच आय५ सहा कोअरचा केला! बाबांना मी हे आजतागायत सांगितलेलं नाही.

गंमत म्हणजे दुकानदार तेव्हा साफ खोटं बोलत नव्हता. फंडा असा की गेममधलं चित्र काढतं ग्राफिक्स कार्ड, पण काय काढायचं याची ऑर्डर देतो प्रोसेसर. कार्ड म्हणजे हॉटेलचं किचन, कोअर म्हणजे वेटर. डायरेक्टएक्स ११च्या जमान्यात बहुतेक ऑर्डरी एकच वेटर आत नेऊन द्यायचा, बाकीचे खांद्यावर फडकं टाकून उभे. मग एएमडीने २०१३ मध्ये मँटल जाहीर केलं, २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर डायरेक्टएक्स १२ आलं, २०१६ मध्ये व्हल्कन. आता प्रत्येक वेटर आपापली चिठ्ठी किचनकडे सरकवू शकतो.

तेव्हा सगळ्यांना वाटलं, चला, आता स्वस्तातला प्रोसेसरही पळेल. काही गेममध्ये तसं झालंही. पण गेमवाल्यांनी ही सगळी बचत उडवून टाकली! रस्त्यावर जास्त गर्दी, मोठी शहरं, वर रे ट्रेसिंग. त्याचाही भार प्रोसेसरवर येतोच. ‘सायबरपंक २०७७’ २०२०मध्ये आला तेव्हा किमान प्रोसेसर होता चार कोअरचा आय५ ३५७०के. २०२३मध्ये कंपनीने यादी बदलली, तर इंटेलमध्ये आय७ ६७०० आणि एएमडीमध्ये... रायझन ५ १६००. हो, तोच!

म्हणून मग सोळा कोअर? अजिबात नाही, बॉस. सगळे वेटर धावले तरी गल्ल्यावर मॅनेजर एकच असतो. गेमचा एक मुख्य धागा अजूनही एका कोअरवरच अडतो, त्यामुळे सहा-आठच्या पुढे बहुतेक गेममध्ये फारसं काही हाती लागत नाही. आठ कोअरचा, पण भरपूर कॅश मेमरीवाला रायझन ७ ७८००एक्स३डी गेममध्ये सोळावाल्यालाही मागे टाकतो.

आणि एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. डीएलएसएस, एफएसआर ही अपस्केलिंगची सॉफ्टवेअर्स चालू केली की कार्ड लहान चित्र काढून ते मोठं करतं. म्हणजे किचन सुसाट, आणि आता वेटरची दमछाक. फ्रेम जनरेशन आणखी चलाख, मधल्या फ्रेम कार्ड स्वतःच घुसवतं. आकडा झकास दिसतो, पण माऊसला मिळणारा प्रतिसाद खऱ्या फ्रेमचाच. ड्रायव्हरचीही एक भानगड असते. इंटेलचं आर्क बी५८० हे स्वस्त कार्ड २०२४च्या डिसेंबरमध्ये आलं आणि पुढच्याच महिन्यात परीक्षकांना दिसलं की जुन्या प्रोसेसरबरोबर ते बऱ्याच गेममध्ये ढेपाळतं. म्हणजे स्वस्त कार्ड पाहिजे ज्याला, जुना प्रोसेसरही बहुधा त्याच्याकडेच!

एवढं सगळं रात्री बारा वाजता सारंगला कोण सांगणार? म्हटलं, ‘ॲडव्हान्स देऊ नकोस. रविवारी भेट.’

रविवारी त्याच्या ऑफिसमधल्या एका मित्राकडे गेलो. त्याच्याकडे सहा कोअरचा रायझन ५ ७६००. सारंगचाच आवडता गेम लावला, सगळी सेटिंग हाय. फ्रेम ५८. बाकी काही न बदलता फक्त रेझोल्यूशन एकदम खाली आणलं. फ्रेम ९६.

‘म्हणजे?’

‘म्हणजे ५८वर अडत होतं ते कार्ड. प्रोसेसर ९६पर्यंत जातोय. रेझोल्यूशन कमी करूनही आकडा हलला नसता, तर दोष प्रोसेसरचा. तुझा मॉनिटर किती हर्ट्झ?’

‘पंचाहत्तर.’ मग स्वतःच हसायला लागला.

२४० हर्ट्झवर शूटर खेळणारा असता तर मी वेगळं सांगितलं असतं. याला निवांत स्टोरीवाले गेम लागतात. त्याने ७६००च घेतला, उरलेले पैसे कार्डात घातले.

गेल्या शनिवारी बाबा त्याच्याकडे गेले होते. नवं मशीन बराच वेळ न्याहाळून म्हणाले, ‘छान आहे रे. हासुद्धा एडिटिंगचाच का?’