बिल जमा झालं? आधी हिस्सा काढा

ऊसबिल खात्यावर पडल्याचा मेसेज आला की पहिला नंबर कुणाचा लागतो? सोसायटीचं कर्ज तर बिलातूनच वळतं झालेलं असतं. मग खताच्या दुकानाची उधारी, ट्रॅक्टरचं भाडं, पोरांची फी. हे सगळं भागलं की खिशात जे उरतं, त्यातली दहाची नोट रविवारी मिस्साला अर्पणात पडते. कैक वर्षं दहाचीच पडते आहे. चहा महागला, मजुरी वाढली, उसाचा दरही वाढला, ही नोट मात्र जागची हलत नाही.

आजरा तालुक्यातल्या आपल्या ख्रिस्ती घरांसाठी लिहितो आहे, म्हणून आडवळणानं बोलत नाही. आपण कंजूष नाही. फेस्ताचा बँड असो की लग्नाचा मांडव, तिथं आपला हात कधी आखडत नाही. फक्त देवाचं आपण सगळ्यात शेवटी काढतो, आणि शेवटी काही उरतच नाही.

पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सोळावा अध्याय काढून बघा. यरुशलेमच्या मंडळीसाठी मदत गोळा करायची होती. त्यानं सांगितलं ते असं : आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ज्याची जशी मिळकत, त्या मानानं प्रत्येकानं घरीच बाजूला काढून ठेवावं. आता आपल्याकडे पगारदार सोडले तर दर आठवड्याला पैसा कुणाच्या घरी येतो? घनसाळची मळणी दिवाळीनंतर, काजू उन्हाळ्यात. ऊस तुटून गेल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा आहे. तो कितपत पाळला जातो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. तेव्हा आपला पहिला दिवस म्हणजे पैसा हाती येईल तो दिवस. त्याच संध्याकाळी नवरा-बायकोनं बसून हिस्सा काढावा, पाकिटात घालावा, वर तारीख टाकावी. ते पाकीट मग पाहुणे आले म्हणून फोडायचं नाही.

किती काढायचा? आपल्या प्रोटेस्टंट भावंडांत दशांशाची शिकवण पक्की आहे. कॅथलिक धर्मविधी संहितेच्या 222व्या कलमात चर्चच्या गरजा भागवणं हे श्रद्धावंतांचं कर्तव्य म्हटलं आहे, आकडा मात्र दिलेला नाही. माझं मत विचाराल तर एकदम दहा टक्क्यांची उडी घेऊ नका. शेकडा तीननं सुरुवात करा. मशागत, खत, तोडणी वजा जाऊन 40 हजार हाती राहिले तर बाराशे होतात. वर्षभर जमलं तर पुढच्या सुगीला चार करा. मुंबईत किंवा आखातात नोकरीला असलेल्यांना हे आणखी सोपं, त्यांचा पगार ठरलेल्या तारखेला येतो.

रोख नसेल त्यांनी मिझोरामकडे बघावं. तिथल्या प्रेस्बिटेरियन बायकांनी 1910 मध्ये एक रीत सुरू केली : जेवणाचे तांदूळ मोजून घेतले की त्यातली एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकायची. भांडं भरलं की चर्चला द्यायचं, चर्चनं तांदूळ विकून पैसे करायचे. ती रीत अजून चालू आहे, आणि तिच्यावर तिथल्या मंडळीची मोठमोठी कामं उभी राहिली. आपल्या घनसाळला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उतारा कमी, पण शिजायला घातला की वास गल्लीभर जातो. त्याची मूठ कुणाला हलकी वाटणार? रेशनचा तांदूळ शिजत असेल तर त्याचीही चालेल.

आईच्या औषधाचे पैसे अडवून मात्र दान करू नका. देवाला वाहिलं म्हणून आईबापाला हात वर करणाऱ्यांना येशूनं कसं झापलं, ते मार्काच्या सातव्या अध्यायात आहे. कर्ज काढूनही देऊ नका. आणि मोबाईलवर क्यूआर कोड दाखवून ‘हजार पाठवा, देव दहा हजार देईल’ म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. ती सरळसरळ लॉटरी आहे. जुन्या करारात दर तिसऱ्या वर्षाचा दशांश लेवी, उपरे, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून गावातच ठेवायचा होता. देणाऱ्यानं परताव्याकडे डोळे लावून बसावं, असं तिथं नाही. तेव्हा पाकिटातला थोडा भाग शेजारच्या एकट्या म्हातारीच्या किराण्याला गेला तरी तो देवाकडेच पोचला असं समजा.

राहिला हिशेब. ‘आम्ही द्यायचं, पण जातं कुठं?’ हे चर्चबाहेर पारावर बोलण्यापेक्षा आत विचारा. धर्मविधी संहितेनं प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती बंधनकारक केली आहे, श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यावा असंही सांगितलं आहे. नोंदणी झालेल्या न्यासाला 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली हिशेब तपासून घ्यावे लागतात ते वेगळंच. येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चचा फलक बघा. वर्षाचा जमाखर्च लागला असेल तर उभं राहून नीट वाचा. नसेल तर फादरना नम्रपणे विचारा, आणि अर्थसमितीत बसायला माणूस हवा असेल तर स्वतःचं नाव द्या.