सुगंधाचा सोस

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. निमित्त वासाचं आहे. दुर्गंधाचं नव्हे हं, सुगंधाचं! आणि आज जरा रागातच लिहिणार आहे.

नात शिकायला होस्टेलवर गेली आणि तिच्या दोन गिनीपिग, चिंगी आणि ठमी, आमच्याकडे राहायला आल्या. नावात 'पिग' असलं तरी डुकराशी यांचा संबंध नाही, आणि गिनी देशाशीही नाही. मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या. असो. घरी येणारा प्रत्येक जण दारातच नाक मुरडतो आणि उपाय सांगतो. "उदबत्ती लावा." "फिनेलने पुसा." "रूम फ्रेशनर मारा." वन्संनी तर डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडीच पाठवली. मीही शहाणी, ती पिंजऱ्याला बांधली!

तिसऱ्या दिवशी चिंगी शिंकू लागली. डोळ्यांतून पाणी. रात्रीपासून गवताला तोंड लावलेलं नाही. या प्राण्याचं पोट सतत चालू राहावं लागतं, खाणं थांबलं की जिवावर बेततं. रिक्षा करून डॉक्टरांकडे धावले. त्यांनी तिला गुंडाळलेला टॉवेल नुसता हुंगला आणि विचारलं, "आजी, डांबराच्या गोळ्या ठेवल्यात का?" कॉपी करताना सापडलेल्या मुलासारखी माझी मान खाली गेली. चिंगी वाचली. पण ती गेली असती तर नातीला कोणत्या तोंडाने फोन केला असता?

आता माझं म्हणणं ऐका. वास येतो ही तक्रार खोटी नाही. तो सहन करा असंही मी म्हणत नाही. उलट आपल्यापेक्षा त्यांनाच त्याचा जास्त त्रास होतो. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. ती साचली की जिवाणू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात, आणि डोळे चुरचुरतात ते त्या अमोनियाने. आपलं नाक पाच फुटांवर असतं, चिंगीचं दोन इंचांवर. शिवाय हे प्राणी नाकानेच श्वास घेतात. म्हणजे उंबऱ्यात उभं राहून आपल्याला वास आला, तर आत त्यांचं काय होत असेल?

आणि अशा जिवावर आपण अत्तर शिंपडणार? अमोनिया तिथेच राहतो, वर आणखी एक रसायन त्यांच्या फुप्फुसात जातं. शाळेत तपासणीला साहेब यायचे तेव्हा मुतारीत फिनेल ओतायचे, आठवतं? साहेब खूश, आणि तुंबलेली मोरी तुंबलेलीच. पस्तीस वर्षं ते पाहिलं. घरात तरी तो देखावा नको.

खरा उपाय सुगंधी नाही, कष्टाचा आहे. ओला झालेला भाग रोज काढायचा. बऱ्याचदा त्यांचे आवडते कोपरे असतात, त्यामुळे पाच-दहा मिनिटांचं काम. गवताखालचा ओला थरही रोज बदलायचा, आणि आठवड्यातून एकदा तरी सगळंच अंथरूण. अंथरायला कागदाचं, धूळ नसलेलं, किंवा जाड टॉवेलवर फ्लीसचं कापड. कापड धुताना सुगंधी सॉफ्टनर नको, त्याने कापड पाणी शोषत नाही. देवदार किंवा चीडाचा भुसा 'छान वास येतो' म्हणून घेऊ नका. तो वास ज्या तेलांचा, तीच त्यांना बाधतात. पांढऱ्या फिनेलचा वासही बहुधा चीडाच्याच तेलाचा असतो!

तळाशी पांढरे डाग धरतात, ते लघवीतल्या क्षारांचे. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून लावा, थोड्या वेळाने घासा, स्वच्छ धुवा, पूर्ण वाळवा, मगच त्यांना आत सोडा. ब्लीच मात्र लघवीवर कधीही टाकू नका, त्यातून विषारी वायू निघतो, तुम्हालाही घातक. पिंजरा मोठा आणि हवेशीर हवा, काचेची पेटी नको. पावसाळ्यात गवत हुंगून बघा, कुबट आलं तर सरळ फेका.

आणि एवढं करूनही वास अचानक वाढला, तर तो दुखण्याचा निरोप असू शकतो. उदबत्ती लावून बसलात तर तो निरोप पोचणारच नाही. डॉक्टरांना दाखवा.

"एवढं करण्यापेक्षा देऊन टाका ना," असं आमच्या घरातलेच एक दोघं म्हणाले. बाळांनो, तुमचे लंगोट धुताना मला कुणी हा सल्ला दिला नव्हता, आणि दिला असता तरी मी ऐकला नसता!

दिवाळीला सगळे या. घरात गवताचा वास येईल, तेवढा चालवून घ्या. अत्तर मात्र बाहेरच ठेवून या.

ता.क. वन्सं, रागावू नका. गोळ्या माझ्या हातांनी बांधल्या, चूक माझीच. पण पुढच्या वेळी पुरचुंडीत अनारसे पाठवा!