आसन कशासाठी?

दरवर्षी २१ जून उजाडला, की शाळाशाळांतून सतरंज्या पसरल्या जातात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१४ साली हा दिवस योगदिन म्हणून मान्य केला आणि २०१५ पासून तो जगभर साजरा होऊ लागला. त्या सकाळी शेकडो मुले एका तालावर हात उंचावतात व एका तालावर वाकतात. कोणी मयूरासनात सारा देह दोन तळहातांवर तोलून धरतो, तर कोणी वेताच्या छडीसारखी मागे वाकून चक्रासन करून दाखविते. पाहणारे टाळ्या वाजवितात. ज्याचे हात पायांच्या अंगठ्यांपर्यंत पोहोचत नाहीत, तो मुलगा मात्र मागच्या रांगेत संकोचून उभा असतो. योग काही आपल्या वाट्याचा नाही, अशी त्याची समजूत होऊन बसते. ही समजूत चुकीची आहे. आणि ती एकट्या त्या मुलाचीच नाही, टाळ्या वाजविणाऱ्यांचीही आहे.

पतंजलींचा 'योगसूत्रे' हा ग्रंथ अगदी लहान. त्याचे पाद चार, आणि सूत्रे दोनशेच्या आतच. त्यांत आसनाच्या वाट्याला किती सूत्रे यावीत? अवघी तीन! शिवाय त्या तिन्हींत एकाही आसनाचे नाव नाही. पद्मासन, वीरासन ही नावे पुढे भाष्यकाराने सांगितली. पतंजलींचे म्हणणे थोडक्यात असे, की आसन स्थिर असावे आणि सुखकर असावे. त्यात शरीराची ओढाताण सैल पडावी व मन अनंताच्या ठायी लागावे. मग थंडी आणि ऊन यांसारख्या जोड्या माणसाला छळीत नाहीत. 'आसन' हा शब्दही 'बसणे' या अर्थाच्या धातूपासूनच झाला आहे. ध्यानास बसलेल्या माणसाचा गुडघा ठणकू लागला, की त्याचे मन देवाभोवती फिरण्याऐवजी गुडघ्याभोवती घोटाळू लागते. शरीराने मनाला वरचेवर हाका मारू नयेत, एवढ्यासाठी आसनाची योजना आहे. म्हणजे जे आज व्यासपीठावर मिरविले जाते, ते मुळात विसरून जाण्यासाठी होते!

योगाची अंगे आठ, आणि आसन हे त्यांतील तिसरे. त्याच्या आधी यम आणि नियम येतात. हिंसा न करणे, खरे बोलणे, चोरी न करणे, नको तेवढा साठा न करणे, संतोष बाळगणे, स्वाध्याय करणे अशा गोष्टींचा त्यांत समावेश होतो. या पायऱ्या गाळून एकदम तिसरीवर उडी घेण्याची सवय सर्वांनाच झाली आहे. परंतु मयूरासन उत्तम करणारा विद्यार्थी परीक्षेत शेजाऱ्याच्या वहीतील उत्तर चोरून पाहत असेल, तर त्याला फार तर कसरतपटू म्हणता येईल. उलट अंग न वाकणारा, पण खोटे न बोलणारा मुलगा योगाच्या वाटेवर त्याच्यापुढे दोन पावले आहे.

आसनानंतर प्राणायाम येतो. श्वासाचा आणि मनाचा संबंध समजण्यासाठी कोणत्याही ग्रंथाची गरज नाही. घरात आजी सुईत दोरा ओवीत असेल, तेव्हा तिच्याकडे पाहावे. दोऱ्याचे टोक सुईच्या नेढ्याजवळ आले, की तिचा श्वास आपोआप थांबतो. रागावलेल्या माणसाचा श्वास जोरजोराने चालतो, भ्यालेल्याचा अडखळतो आणि झोपलेल्या बाळाचा संथ वाहतो. मन हलले की श्वास हलतो, हे सर्वांनाच दिसते. प्राचीन योग्यांनी त्यापुढचा प्रश्न विचारला: श्वास स्थिरावला, तर मनही स्थिरावेल काय? मनाला धरावयास मूठ नाही, पण श्वासाला आहे. स्वात्मारामाच्या 'हठप्रदीपिका' या ग्रंथातील प्राणायामाचा सारा विचार याच सूत्रावर उभा आहे. पतंजलींच्या मते प्राणायामाने मनातील प्रकाशावरचे आवरण विरळ होते आणि मन एका ठिकाणी राहण्यास योग्य बनते. फुप्फुसांत हवा किती मावते, हा त्यांचा प्रश्नच नव्हता.

स्वात्मारामाने एक इशाराही दिला आहे. सिंह, हत्ती किंवा वाघ जसा हळूहळू माणसाळवावा लागतो, तसाच प्राणही हळूहळू वश करावा. घाई केली, तर तो साधकावरच उलटतो. म्हणून श्वास कोंडून धरण्याच्या पैजा मुलांनी मारू नयेत. त्यांच्यासाठी संथ, सहज श्वासोच्छ्वासाकडे लक्ष देणे पुरे. योग बिघडविणाऱ्या गोष्टींत त्याने अतिआहार आणि अतिश्रम यांच्याबरोबर अति बडबडही घातली आहे, हे वर्गातील काही मंडळींनी विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे.

यावर कोणी म्हणेल, की मुलांना समाधीशी काय करावयाचे? त्यांची पाठ ताठ राहिली, अन्न पचले आणि सर्दी हटली म्हणजे झाले. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आरोग्य ही खरोखरच मोठी गोष्ट आहे, आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे शास्त्राच्या कसोटीवर तपासण्यास आरंभ केला तो एका योगसाधकानेच. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी बडोद्यास क्ष-किरणांच्या साहाय्याने यौगिक क्रियांचे निरीक्षण केले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास आश्रम स्थापिला आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिकही सुरू केले. उड्डियान आणि नौली यांच्या वेळी पोटातील दाबात काय फरक पडतो, याची मोजमापे त्यांनी घेतली. पण शरीराचा एवढा बारकाईने अभ्यास करणाऱ्या या पुरुषाने आपल्या संस्थेला नाव कोणते दिले? 'आरोग्यधाम' नव्हे, तर 'कैवल्यधाम'. कैवल्य म्हणजे आत्म्याची पूर्ण मुक्त अवस्था. योगसूत्रांच्या अखेरच्या पादाचे नावही 'कैवल्यपाद' असेच आहे. यंत्रे पोटाकडे रोखलेली होती, दृष्टी मात्र दुसरीकडे होती. आंब्याच्या झाडाखाली सावली मिळते, म्हणून कोणी सावलीसाठी आंबा लावीत नाही. पण सावलीत बसणाऱ्याला कोणी हाकलूनही देत नाही.

महाराष्ट्राला तरी हे नवे नसावे. ज्ञानेश्वरांकडे ही विद्या नाथपंथातून, गहिनीनाथ व निवृत्तिनाथ यांच्याकडून आली. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या आसनाचे जे वर्णन आहे, त्याआधी ते जागेचे वर्णन करतात. तेथील शांतता अशी, की विलासी माणसालाही राज्य टाकून तेथे राहावेसे वाटावे. बसण्याच्या तऱ्हेपूर्वी त्यांना निवांतपणाची आठवण झाली, हे मार्मिक आहे.

केंद्र सरकारने २०२० साली योगासनांना स्पर्धात्मक क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. स्पर्धेने मुले व्यायामाकडे वळतात, हा तिचा लाभ नाकारता येत नाही. तरीही स्पर्धेत नजर शेजाऱ्यावर असते, आणि योगात ती आत वळवावयाची असते. दोन्ही एकाच वेळी कशा साधाव्यात? स्पर्धा भरवाव्यात, पण त्यांना आसनांच्या स्पर्धा म्हणावे, योगाच्या म्हणू नये. योगाच्या तासाला तरी गुण, घड्याळ आणि टाळ्या बाहेर ठेवाव्यात. मागच्या रांगेतील मुलाला जेवढे वाकता येते तेवढेच वाकू द्यावे.

आणि तासाच्या अखेरीस सर्वांना शवासनात पडू द्यावे. थकवा घालविणारे आणि चित्ताला विसावा देणारे म्हणून 'हठप्रदीपिके'ने या आसनाचा गौरव केला आहे. पण उताणे पडलेल्या मुलाकडे पाहून टाळ्या कोण वाजविणार? आरंभी मुले चुळबुळ करतात, कोणी हसते, कोणी एक डोळा किलकिला करून शेजाऱ्याकडे पाहते. मग हळूहळू सारे निवते. बाहेर पागोळ्यांचा आवाज ऐकू येऊ लागतो, आणि त्याही अलीकडे, इतके दिवस कधी न ऐकलेला, स्वतःचा श्वास.