शेतकी पदव्युत्तर विद्यार्थी आणि चावडीवरील परीक्षा

रब्बीच्या पेरणीपूर्वीं माण तालुक्यांतील एका गांवीं शेतकऱ्यांची बैठक भरली होती. शेतकींत नुकताच एम्. एस्सी. झालेला एक तरुण रब्बी ज्वारीच्या खतांविषयीं बोलावयास आला होता. विषय कामाचा, मुलगा अभ्यासू आणि नम्र. ऐकणारेही हौसेनें जमले होते. त्यानें पडद्यावर इंग्रजी आलेख दाखविले आणि हेक्टरीं 50 किलो नत्र दिल्यानें काय होतें तें सांगितलें. तेव्हां मागें बसलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "लेकरा, एकराला किती पोती, येवढं सांग."

मुलगा गांगरला. त्यानें कागदावर आंकडेमोड केली, ती चुकली, पुन्हां केली. तोंवर चार माणसें उठून गेलीं. वास्तविक हिशेब सोपा आहे. युरियांत शेंकडा 46 नत्र असतें. 50 किलो नत्रास सुमारें 109 किलो युरिया लागतो. तो अडीच एकरांवर वांटला म्हणजे एकरीं 44 किलो, अर्थात् हल्लींचें 45 किलोचें जवळजवळ एक पोतें. एवढें त्यास तेथल्या तेथें सुचलें नाहीं.

पुढचा प्रश्न याहून महत्त्वाचा होता. एकानें विचारलें कीं, माझें रान मुरमाड आहे, ओल टिकत नाहीं, मला हें लागू पडेल काय? त्यावर तो "होय" म्हणाला. त्याचा प्रयोग भारी काळ्या जमिनींत झाला होता, हें आम्हांस मागाहून त्यानेंच सांगितलें! ओलीवांचून टाकलेलें खत पिकाच्या उपयोगीं पडत नाहीं, आणि पोत्याचे पैसे पुष्कळदां उसनवारीचे असतात.

दोष त्या मुलाचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. दोन वर्षें त्याचे श्रोते म्हणजे त्याचे अध्यापक व सोबती. सेमिनार त्यानें त्यांच्यापुढें दिला. प्रबंध इंग्रजींत लिहिला. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेनें 2021 सालीं सुधारलेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत तांत्रिक लेखन व संभाषणकौशल्य हा विषय आहे, हें आम्ही जाणतों. परंतु त्याचा रोख प्रबंध, शोधनिबंध, इंग्रजी व्याकरण व उच्चार, मुलाखत यांकडे आहे. तेंही शिकावेंच, पण त्यांत चावडी कोठें आहे?

नवल असें कीं, पदवीचे विद्यार्थी मात्र आमच्याकडे येतात. रंधावा समितीच्या 1992 सालच्या शिफारशीवरून सुरू झालेल्या ग्रामीण कार्यानुभवांत कृषिदूत व कृषिकन्या गांवांत राहतात, प्रात्यक्षिकें करून दाखवितात. त्या वेळीं त्यांच्याजवळ सांगण्यासारखें स्वतःचें असें थोडें असतें. पुढें जेव्हां ते स्वतः प्रयोग करतात, तेव्हांच गांवाशीं त्यांचा संबंध सुटतो. जे पुढें अध्यापक होतात त्यांची पात्रता-परीक्षाही विषयज्ञानाचीच असते. शिकवितां येतें कीं नाहीं हें ती पाहत नाहीं.

पूर्वीं असें नव्हतें असें म्हणण्याचा मोह आम्ही टाळतों. तरी पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर गांवाची पाहणी करून 1917 सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि 1921 सालीं कानिटकरांसमवेत जातेगांव बुद्रुकचा. कुळवाड्यांस प्रश्न विचारल्यावांचून असे ग्रंथ होत नाहींत. अलीकडे ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँड विद्यापीठानें 2008 सालीं तीन मिनिटांत प्रबंध सांगण्याची स्पर्धा काढली. ती आतां अनेक देशांत चालते. तीन मिनिटें माणदेशी माणसास पुरणार नाहींत, पण कल्पना चांगली आहे. आणि सांगण्याची कला शिकतां येते याचा दाखला घरचाच आहे. पाणी फाउंडेशनच्या ज्या स्पर्धेंत 2018 सालीं आमची टाकेवाडी पहिली आली, तींत गांवचींच निवडक माणसें शिकून येत आणि बाकीच्यांस समजावून देत.

आमची सूचना अशी. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें, आणि इतरांनींही, प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्यास प्रबंध सादर करण्यापूर्वीं एका गांवीं अर्धा तास मराठींत आपलें संशोधन सांगावयास लावावें. परीक्षकाशेजारीं दोन शेतकरी बसावेत. ऐकणाऱ्यांपैकीं कोणासही उठवून, काय समजलें तें सांगावयास लावावें, आणि त्यावरून गुण द्यावेत. जेथें आपला प्रयोग लागू नाहीं तेथें जो "हें मीं पाहिलेलें नाहीं" असें स्पष्ट सांगेल, त्यास त्याबद्दल गुण अधिक मिळावेत.

प्रयोगशाळेंतील सूक्ष्म विषय खेड्यांत कसे सांगावे, असा आक्षेप येईल. कोणत्या रोगासाठीं वा कोणत्या पिकासाठीं हा खटाटोप, एवढें तरी सांगतां यावें. राहुरी लांब पडते म्हणाल, तर विद्यापीठाचें कृषि विज्ञान केंद्र आमच्याच जिल्ह्यांत बोरगांवीं आहे.

आपल्याकडेही काम आहे. व्याख्यान न समजतां माना डोलावणें ही आपली जुनी खोड आहे, आणि त्या दिवशीं उठून गेलेल्या चौघांत या मंडळाचे सभासदही होते. येत्या हस्तापूर्वीं मंडळानें असे तीन विद्यार्थी दहिवडी व म्हसवड भागांत बोलवावेत. प्रवासखर्च मंडळाचा, जेवण आणि मुक्काम गांवाकडे.