घर गावाच्या वाटेवर की ऑफिसच्या?

मा. संपादक,


बीदर जिल्ह्यातल्या मुलांनी हैदराबादेत नोकरी लागताच शहरात भाडे भरत न बसता पटणचेरू-संगारेड्डीकडे स्वतःचे घर करावे, असा सल्ला देणारे पत्र गेल्या रविवारच्या अंकात वाचले. पत्रलेखकांचा हेतू चांगला आहे. पण हा सल्ला आमच्या भालकी-औरादकडे आधीच घरोघरी दिला जातो, तेव्हा दुसरी बाजूही छापून यावी म्हणून लिहितो आहे.

त्यांचे म्हणणे वरवर पटणारे आहे. पुण्याहून येणारा ६५ क्रमांकाचा महामार्ग हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी, पटणचेरू करत लिंगमपल्लीकडून शहरात शिरतो. या रस्त्यावर घर असले की शनिवारी बीदरची बस दारातून पकडता येते, आईवडिलांना महात्मा गांधी बसस्थानकापर्यंत हेलपाटा पडत नाही, गावचे पीठ-तूप वेळेवर पोहोचते. सगळे खरे. पण गावी माणूस पंधरा दिवसांतून एकदा जातो, फार तर आठवड्याला. ऑफिसला आठवड्यातून पाच वेळा जायचे आणि पाच वेळा परत यायचे असते. एका फेरीच्या सोयीसाठी दहा फेऱ्या लांब करून घेण्यात कसला हिशेब आहे?

एका नातेवाइकाच्या घरी मुक्कामाला होतो तेव्हाची गोष्ट. फ्लॅट पटणचेरूच्या पुढे, नोकरी हायटेक सिटीत. अंतर वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडे भालकी ते बीदरपेक्षाही कमी. पण सकाळी साडेसातच्या आत बाहेर पडायचे आणि रात्री नऊला घरात. स्वयंपाकघरात भालकीहून आलेला ज्वारीच्या पिठाचा डबा होता. पीठ कडू झालेले. भाकरी थापायला वेळ कुणाला? कोपऱ्यावरच्या करी पॉइंटवरून पप्पू म्हणजे वरण आणि भाजीची पाकिटे यायची, भात तेवढा कुकरला लावायचा. गावाच्या वाटेवर घर घेतले ते असल्या पिठासाठी, आणि पीठ मात्र डब्यात पडून.

आपले आजोबा-पणजोबा या बाबतीत जास्त व्यवहारी होते असे मला वाटते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद ही आपली राजधानीच होती. पुनर्रचनेत जहीराबाद-नारायणखेड आंध्र प्रदेशात, उदगीर-निलंगा मुंबई राज्यात आणि आपण म्हैसूर राज्यात गेलो. नवी राजधानी सुमारे सातशे किलोमीटरवर, जुनी दीडशेच्या आत, त्यामुळे नोकरी-शिक्षणासाठी लोक जुन्या वाटेनेच जात राहिले. पण त्या पिढीने खोली घेतली ती सुलतान बाजार, गौळीगुडा, इसामिया बाजार, काचीगुडा अशा ठिकाणी. खोल्या अंधाऱ्या, नळ सामाईक. पण कचेरी, कॉलेज, बाजार पायी किंवा सायकलवर. विवेकवर्धिनी शाळा १९०७ पासून तिथे टिकली, मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले, कारण वापरणारी माणसे शेजारी राहत होती. आज पटणचेरूच्या सोसायटीतून त्या भागातल्या एखाद्या मराठी कार्यक्रमाला जायचे म्हटले तर अख्खा रविवार जातो, मग कुणी जात नाही.

'मुंबईत नाही का लोक डोंबिवली-विरारहून येत?' असा प्रश्न लगेच विचारला जातो. येतात, आणि त्यात जीवही मेटाकुटीला येतो. पण तिथे काही मिनिटांनी लोकल आहे, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत. डोंबिवली रेल्वेवर वसली, पटणचेरू-संगारेड्डीकडच्या वसाहती डांबरी रस्त्यावर. हैदराबादची एमएमटीएस लोकल मुख्यतः लिंगमपल्लीपर्यंत आहे, मेट्रो मियापूरला संपते. तिथून पटणचेरूपर्यंतचा १३.४ किलोमीटरचा मार्ग दुसऱ्या टप्प्यात प्रस्तावित आहे. प्लॉट मात्र आजच त्याच्या नावाने विकले जातात. संगारेड्डी शहराला तर रेल्वे स्टेशनच नाही. आपली बीदरची गाडी जहीराबादहून विकाराबादला वळसा घालून जाते, त्यामुळे बीदरमध्ये राहून रोज ये-जा हा पर्याय बोलण्यापुरताच.

हा दोष एकट्या हैदराबादेतला नाही. कलबुर्गी-आळंदकडची मुले पुण्याला जातात आणि सोलापूर रस्ता सोयीचा म्हणून हडपसर-मांजरीत घर बघतात. नोकरी हिंजवडीत, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला! त्यामानाने आपली मुले सुदैवी, हैदराबादचे आयटीचे कारखाने निदान आपल्याच बाजूला, पश्चिमेला आहेत. पण त्याच दिलाशावर ती आणखी दहा किलोमीटर मागे सरकतात.

भाडे म्हणजे पैसे पाण्यात, हे वाक्य आपल्याकडे वेदवाक्यासारखे म्हटले जाते. गच्चीबावली-माधापूरचे भाडे भारी आहे हे कबूल. पण लांबच्या घराच्या हिशेबात हप्ता, पेट्रोल, दुसरी दुचाकी आणि रोजचे तीन-साडेतीन तास धरा. ब्रूनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ साली जर्मनीतल्या पाहणीच्या आधारे दाखवले की लांबच्या रोजच्या प्रवासाची भरपाई स्वस्त घराने किंवा वाढीव पगाराने पुरती होत नाही. असे लोक एकंदरीत कमी समाधानी असतात. आणि आयटीतली नोकरी दोन-तीन वर्षांत बदलते. कंपनी बदलली की ऑफिस कुठल्या कुठे. भाड्याची खोली महिन्याच्या नोटिशीवर सोडता येते. बापाने दोन एकर विकून घेऊन दिलेला फ्लॅट कसा सोडणार?

त्यातही सुनेच्या प्रवासाचा विचार कुणी करत नाही. घर ठरवताना मुलाची कॅब कुठून निघते ते विचारतात, तिला तिथून नोकरी जमेल का हे नाही. महामार्गालगतच्या नव्या वसाहतीतून शाळेत किंवा दवाखान्यात काम करणाऱ्या बाईने अंधार पडल्यावर शेअर ऑटोने यायचे कसे? बी.एड., नर्सिंग झालेल्या आपल्याकडच्या किती मुली लग्नानंतर तिथे घरी बसल्या आहेत, ते प्रत्येकाने आपल्या भावकीत मोजावे.

ज्याची नोकरीच पटणचेरूच्या औषध कारखान्यात किंवा इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेत आहे, त्याने खुशाल तिथे राहावे, त्याच्यासाठी तेच शहर. घरात कुणी आजारी असेल, बीदरला सारखे धावावे लागत असेल, तर तोही अपवाद. बाकीच्यांनी लग्न झाले तरी पहिली पाच वर्षे ऑफिसपासून अर्ध्या तासाच्या आत, एक खोली कमी असलेले भाड्याचे घर घ्यावे, हे माझे स्पष्ट मत. आईवडिलांना लिंगमपल्लीला उतरवून घ्यायला मुलगा गाडी घेऊन येईल. एवढे त्याच्याकडून नक्की होते.

जाता जाता आपल्यालाही एक विनंती. रविवारच्या पुरवणीत प्लॉटच्या पानभर जाहिराती असतात, त्यांत 'प्रस्तावित मेट्रोपासून पाच मिनिटे' असे ठळक छापलेले असते आणि 'प्रस्तावित' हा शब्द भिंगातून वाचावा लागतो. तो निदान इतर अक्षरांएवढा छापायला सांगा, आणि खाली हायटेक सिटीपर्यंत सकाळी नऊला किती वेळ लागतो तेही.

आपला,
एक वाचक
भालकी, जि. बीदर