रातथारा दुपारी दिसत नाही

पक्ष्याचे घरटे वेगळे आणि रातथारा वेगळा. घरटे विणीपुरते असते. पिल्ले उडाली की त्याचे काम संपते. रातथारा म्हणजे थव्याने रात्र काढण्याची जागा. साळुंक्या, कावळे, पोपट, गायबगळे, हिवाळ्यात येणाऱ्या भोरड्या तिन्हीसांजेला ठरावीक वड, पिंपळ किंवा रेन ट्रीवर शेकडोंनी, कधी हजारोंनी उतरतात. रस्तारुंदीत नेमकी हीच जुनी, पसरलेली झाडे आडवी येतात आणि ती तोडण्याच्या समर्थनार्थ काही ठरलेले युक्तिवाद पुढे केले जातात.

झाडावर घरटी नाहीत, म्हणजे पक्ष्यांचे नुकसान नाही, हा त्यांतला सर्वांत घातक. 1972च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ या संज्ञेत पक्ष्यांची अंडी व घरटी यांना पोचवलेला उपद्रवही येतो. 2022मध्ये केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात महामार्गाच्या कामासाठी घरट्यांसकट झाड पाडले गेले, अनेक पिल्ले मेली, तेव्हा वनखात्याने गुन्हा नोंदवला तो याच कायद्याच्या बळावर. रातथाऱ्यावर मात्र ना अंडी असतात ना पिल्ले, त्यामुळे त्याला असा आधार मिळत नाही. त्यात पाहणी होते कचेरीच्या वेळेत. सकाळी अकराला सगळा थवा चरायला पांगलेला असतो. ‘पक्षी आढळले नाहीत’ हा शेरा त्या घटकेला खरा असतो. पण भर दुपारी रिकामी धर्मशाळा पाहून तिथे कोणी मुक्कामाला येत नाही असे ठरवणे जितके चूक, तितकाच तो निष्कर्ष चूक आहे.

पक्ष्यांना पंख आहेत, ते दुसरीकडे जातील, असेही म्हटले जाते. यात थोडे तथ्य आहे. कावळे आणि साळुंक्या जागा बदलू शकतात. पण रातथाऱ्याला दाट पर्णसंभार, आडव्या फांद्या, वाऱ्यापासून आडोसा आणि जवळपास चारा एवढे सगळे एका जागी लागते. एकाच काळात लावलेली रस्त्याकाठची रांगच्या रांग जाते, तेव्हा ‘दुसरीकडे’ असे काही उरत नाही. शिवाय रातथारा निव्वळ झोपण्यापुरता नसतो. पीटर वॉर्ड आणि अमोत्झ झहावी यांनी 1973मध्ये मांडले की असे मुक्काम माहितीची केंद्रे असतात : आदल्या दिवशी उपाशी राहिलेला पक्षी पोटभर खाऊन आलेल्याच्या मागोमाग सकाळी निघतो. या मांडणीवर अभ्यासकांत अजून वाद आहे. घोळक्यात घुबडासारख्या शिकाऱ्यापासून प्रत्येकाचा धोका विभागला जातो, हा फायदा मात्र उघड आहे.

एका झाडाच्या बदल्यात अनेक लावू, हे आश्वासन ऐकायला मोठे वाटते. महाराष्ट्राच्या 1975च्या वृक्षसंरक्षण कायद्यात 2021मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरील झाड ‘वारसा वृक्ष’ ठरले आणि झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आली. ही तरतूद चांगलीच आहे. तरी साठ वर्षांच्या वडाबदली साठ रोपे लावली, तरी त्यांवर त्या रात्री एकही साळुंकी बसू शकत नाही. वडाची रुंदी काही दशकांनीच येते आणि साळुंकीचे आयुष्य तितके नसते.

घाणीची तक्रार खोटी नाही. साचून वाळलेली विष्ठा ढवळली गेली तर फुप्फुसांना अपाय होऊ शकतो. त्यावर उपाय म्हणजे झाडाखालचे वाहनतळ आणि बाक हलवणे, जागा पाण्याने भिजवून धुणे. पोपट-साळुंक्यांना ‘सामान्य’ म्हणून कमी लेखणे तर अगदीच अन्यायाचे आहे. वड, पिंपळ, कडुनिंब यांचे बी शहरभर पेरणाऱ्यांत साळुंकी आणि तिच्यासारखे फलाहारी पक्षीच आघाडीवर असतात. एका झाडावर उतरणारा थवा अशी अनेक झाडे उभी करत असतो.

तोडीची परवानगी देण्यापूर्वी सूर्यास्ताच्या आधीपासून अंधार पडेपर्यंत मोजणी व्हावी, ती पावसाळ्यात आणि हिवाळ्यात स्वतंत्र व्हावी. कायद्याने दर 5 वर्षांनी होणाऱ्या वृक्षगणनेत घेर आणि उंचीच्या शेजारी रातथाऱ्याचा रकाना असावा. अशा झाडाची तोड टळतच नसेल, तर आसपासची मोठी झाडे आधी राखून ठेवावीत आणि काम टप्प्याटप्प्याने करावे. तोडीची नोटीस वर्तमानपत्रात देण्याचे आणि झाडावर लावण्याचे बंधन कायद्यात आहे, हरकत घेण्याचा हक्क नागरिकाला आहे. आपल्या रस्त्यावरच्या झाडावर अशी नोटीस दिसली, तर त्याच संध्याकाळी झाडाखाली उभे राहून पक्षी मोजावेत आणि तो आकडा तारीख-वेळेसह हरकतीत लिहून द्यावा.