घरपोच खर्चाचा धनी कोण?

सदोष निघालेली वस्तू विक्रेत्याने परत घेतली आणि तिची किंमत खरेदीदाराच्या खात्यात पुन्हा जमा झाली, म्हणजे व्यवहार मिटला, असे सामान्यतः समजले जाते. परंतु हिशेब नीट ताडून पाहिला तर वस्तू घरी आणून देण्यापोटी घेतलेले ४०, ६० किंवा १०० रुपये त्यात पुष्कळदा सापडत नाहीत. घरपोच आकार परत मिळणार नाही, अशा अर्थाचे एक वाक्य अटींच्या लांबलचक यादीत कोठेतरी दडलेले असते आणि मोबाइलच्या पडद्यावर ते वाचण्याची तसदी कोणी घेत नाही. रक्कम एवढी किरकोळ, की तिच्यासाठी भांडणाऱ्यालाच लोक चिकट म्हणतील. तथापि ही किरकोळ रक्कम कोणी सोसावयाची, या प्रश्नातच ऑनलाइन खरेदीदाराच्या हक्काचे मर्म आहे. माल परत करण्याचा हक्क कागदावर कितीही पूर्ण असला, तरी तो बजावण्यासाठी दर वेळी जकात भरावी लागत असेल, तर त्या हक्काचे मोल तेवढ्याने घटते.

येथे दोन गोष्टींची गल्लत होता कामा नये. वस्तू फुटकी, नकली वा जाहिरातीतील वर्णनाहून निराळी निघणे ही एक गोष्ट; वस्तू बिनचूक असूनही पसंत न पडणे ही अगदी दुसरी. पहिल्या बाबतीत भारतीय कायदा बराच खंबीर आहे. २० जुलै २०२० रोजी अंमलात येऊ लागलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ऑनलाइन व्यवहार स्पष्ट शब्दांत आपल्या कक्षेत घेतले. सदोष माल परत घेऊन त्याचा मोबदला बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसल्यास ३० दिवसांत परत न करणे, ही त्या कायद्याच्या लेखी अनुचित व्यापारी प्रथा होय. त्याच महिन्यात आलेल्या ई-वाणिज्य नियमांनी आणखी एक पाऊल टाकले. वस्तू सदोष वा बनावट असेल, वर्णनाप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या वेळेनंतर पोहोचली असेल, तर ती परत घेण्यास व मोबदला परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. उशीर अटळ आपत्तीमुळे झाला असेल, तेवढाच अपवाद.

अडचण आहे ती ‘मोबदला’ या एका शब्दाची. त्यात घरपोच आकार धरावयाचा की नाही, हे नियम स्पष्ट सांगत नाहीत आणि या मौनाचा लाभ विक्रेता उठवतो. त्याचा युक्तिवाद असा की, वस्तू ही एक विक्री व वाहतूक ही दुसरी सेवा. पैकी वाहतूक तर चोख झाली, पोऱ्या चार मजले चढून आला, मग परत काय करावयाचे? हा युक्तिवाद वरवर सयुक्तिक वाटला तरी टिकणारा नाही. खरेदीदार वाहतूक ही वाहतुकीसाठी विकत घेत नाही. फुटका माठ कितीही तत्परतेने दारात आणून ठेवला, तरी त्या तत्परतेचा त्याला उपयोग शून्य. विक्रेत्याच्या चुकीमुळे वाया गेलेला तो खर्च आहे, आणि मोबदल्याच्या व्याख्येत तो बसत नाही असे क्षणभर मानले, तरी नुकसानभरपाई म्हणून तो मागण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे.

दुसरा प्रसंग अधिक बिकट आहे. केवळ पसंत पडली नाही म्हणून वस्तू परत करण्याचा सर्वसाधारण हक्क भारतीय कायद्याने ग्राहकास दिलेला नाही. कंपन्या ७ वा १० दिवसांची जी सवलत देतात, ती त्यांच्या धोरणाचा भाग असते. आणि सवलत देणाराच तिच्या अटीही ठरवतो. शिवाय पाठवणीचा खर्च घेणाऱ्याने सोसावा, ही येथील जुनी रीत. ‘टपालखर्च वेगळा’ हे शब्द पुस्तकांच्या जाहिरातींतून मराठी वाचकाच्या परिचयाचे आहेत व त्यांत कोणाला काही गैर वाटत नसे.

युरोपने मात्र हा विचार मुळापासून केला. दुकानात गेलेला माणूस कापड बोटांनी चाचपून पाहतो, चप्पल पायात घालून दोन पावले चालतो. दूरस्थ खरेदीत ही परीक्षा वस्तू घरी आल्यावरच होऊ शकते. म्हणून कारण न देता माघार घेण्याचा हक्क तेथे कायद्यानेच दिला. तरीही घरपोच खर्चाचा प्रश्न उरलाच. हाइनरिश हाइने ही जर्मनीतील टपालाने माल विकणारी पेढी (नाव प्रसिद्ध कवीचे, व्यवहार मात्र निखळ गद्य) प्रत्येक मागणीमागे ४.९५ युरो पाठवणीखर्च घेई आणि माल परत आला तरी तो ठेवून घेई. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया प्रांतातील ग्राहक संघटनेने याविरुद्ध दावा लावला. खालच्या न्यायालयांनी संघटनेचा पक्ष मान्य केला. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने हा प्रश्न लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाकडे धाडला, आणि १५ एप्रिल २०१० रोजी निकाल संघटनेच्या बाजूने लागला. माल परत पाठवण्याचा खर्च खरेदीदारावर टाकता येतोच. त्यावर पाठवणीचाही लादला तर दूरस्थ व्यवहारातील जोखमीचा समतोल ढळेल आणि माघार घेण्यासच तो कचरेल, असे न्यायालयाचे म्हणणे.

पुढे २०११ च्या युरोपीय निर्देशाने हेच कायद्यात लिहून टाकले. माघारीची मुदत १४ दिवस. सर्व रक्कम पाठवणीखर्चासह परत. खरेदीदाराने हौसेने तातडीची महाग पाठवणी निवडली असेल, तर साध्या पाठवणीहून जास्त झालेला खर्च मात्र त्याचा त्याने सोसावयाचा. ब्रिटनने २०१४ च्या जूनपासून हीच व्यवस्था स्वीकारली आणि युरोपीय संघ सोडल्यावरही ती कायम ठेवली. थोडक्यात, जातानाचे भाडे विक्रेत्याचे, येतानाचे खरेदीदाराचे.

यावर व्यापाऱ्यांचा आक्षेप असा की, परतीचा भुर्दंड अखेर सर्वांच्याच किमतीत मिसळतो आणि कधीही काही परत न करणारा ग्राहक, लग्नात एकदा मिरवून लेहंगा परत धाडणाऱ्याचा खर्च भरतो. आक्षेपात तथ्य आहे. पण त्याचे उत्तर युरोपीय कायद्यातच आहे: परतीचे भाडे स्वतःच्या खिशातून जाते म्हटल्यावर माणूस मागवण्यापूर्वी विचार करतो, आणि वस्तू पारखण्यापुरती न हाताळता वापरून परत केली तर तिचे घटलेले मूल्य त्याच्याकडून वसूल करता येते. सर्व ग्राहकांचा घरपोच आकार गिळणे हा लबाड ग्राहकावरचा उपाय नव्हे.

भारतात याकरिता नवा कायदा करावा लागेल असेही नाही. सदोष मालापुरते तरी ‘मोबदल्यात घरपोच आकार अंतर्भूत आहे’ एवढे एक वाक्य नियमांत घातले की पुरे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणालाही मार्गदर्शक तत्त्वे काढण्याचा अधिकार आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रीतील फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध त्याने तो वापरलाही आहे. पसंतीच्या माघारीचा हक्क हा मात्र संसदेने विचार करण्याचा विषय.

तोवर ग्राहकाने काय करावे? राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तक्रारशुल्क नाही. तरीही ६० रुपयांसाठी रजा काढून आयोगाची पायरी चढणारा कारकून वा शिक्षक विरळाच. जर्मनीतही ४.९५ युरोंसाठी एकटादुकटा ग्राहक लढला नव्हता, संघटना लढली होती. आपल्या कायद्याचे ३५वे कलम मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेला हाच अधिकार देते, ग्राहक तिचा सभासद असो वा नसो. पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी करणाऱ्या महाराष्ट्रात अशा संघटनांची वाण नाही. पुराव्याचीही नसावी, कारण घरपोच आकार किमतीपासून फोडून दाखवणे २०२० च्या नियमांनी विक्रेत्यावरच बंधनकारक केले आहे. बिलातील तो आकडा, मालाच्या दोषाचे छायाचित्र आणि परत आलेल्या रकमेची बँकेची नोंद, एवढे तीन कागद अशा शंभर ग्राहकांनी संघटनेकडे आणून दिले, तर ६० रुपयांचा दावा ६० रुपयांचा राहत नाही.